ट्रेलर ओढताना डिझेल जातं कुठे?

एसयूव्हीच्या मागे बंद, उभ्या पेटीसारखा ट्रेलर जोडला की गाडीचं ॲव्हरेज जवळजवळ निम्म्यावर येतं. १४-१५ देणारी गाडी ७ वर आली, की लोक इंजिनवर संशय घेतात, इंजेक्टर तपासून घेतात, पंप बदलतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रेलरचं वजन किती? सपाट रस्त्यावर हा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायला हवं की ट्रेलरचं तोंड केवढं आहे आणि तुम्ही चालवता किती वेगाने. बहुतेक डिझेल वजन ओढण्यात जात नाही, हवा बाजूला सारण्यात जातं. हे आकड्यांत मांडलं की सगळं लख्ख दिसतं.

उदाहरण घेऊ. सामान आणि माणसं धरून २,२०० किलोची डिझेल एसयूव्ही आणि मागे १,५०० किलोचा, गाडीपेक्षा उंच असा बंद ट्रेलर. एकटी गाडी ताशी १०० किमीने सपाट रस्त्यावर चालवायला चाकांना साधारण ६९ किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. त्यातला ४७ किलो हवेसाठी आणि २२ किलो टायरांच्या घर्षणासाठी. आता ट्रेलर जोडा. टायरांचा वाटा २२ वरून ३७ होतो, म्हणजे १५ किलोने वाढतो. हवेचा वाटा मात्र ४७ वरून ११८ वर जातो, म्हणजे ७१ किलोने. एकूण १५५. वाढलेल्या ८६ किलोंपैकी ७१ एकट्या हवेचे आहेत. हा हिशोब एका ठरावीक जोडीचा आहे. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण प्रमाण याच्या आसपासच राहील.

आता याच ट्रेलरमधून ५०० किलो सामान उतरवलं तर? टायरांचा भार ५ किलोने कमी होतो. १५५ चे १५०. दर १०० किमीला जेमतेम अर्धा लिटर वाचतो. आणि सामान तसंच ठेवून वेग १०० वरून ९० केला तर? १५५ चे १३२. अर्धा टन उतरवून मिळतं त्याच्या चौपटीहून जास्त, आणि तेही एक पोतंसुद्धा न हलवता.

डिझेलच्या भाषेत सांगायचं तर एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातली साधारण ३० टक्के चाकांपर्यंत पोचते, म्हणजे लिटरमागे ३ युनिट. त्या हिशोबाने आपली जोडी ताशी ८० ने दर १०० किमीला सुमारे १०.२ लिटर पिते, ९० ने १२, १०० ने १४.१ आणि ११० ने १६.३. ॲव्हरेजमध्ये हेच ९.८, ८.३, ७.१ आणि ६.१ असं दिसतं. ३०० किमीच्या प्रवासात १०० ऐवजी ८० ने गेलात तर पाऊण तास जास्त लागतो आणि जवळजवळ १२ लिटर डिझेल वाचतं. पाऊण तास महत्त्वाचा की १२ लिटर, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवताना हा आकडा समोर असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

वेगाच्या या हिशोबात वाऱ्याला विसरू नका. समोरून ताशी २० किमीचा वारा असेल आणि तुम्ही ८० ने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने गाडी १०० ने जाते आहे. हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. तोच वारा पाठीमागून असेल तर ४४ टक्क्यांनी कमी होतो. जाताना ७ आणि येताना १० ॲव्हरेज मिळालं, की 'त्या पंपाचं डिझेल खराब होतं' असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा डिझेल ठीकच असतं, वारा फिरलेला असतो. आडवा वारासुद्धा महाग पडतो, कारण तो गाडी आणि ट्रेलर यांच्यामधल्या फटीत शिरून ट्रेलरच्या तोंडावर आपटतो.

म्हणून ट्रेलर निवडताना आणि भरताना आकाराकडे आधी बघा. गाडीच्या छताच्या रेषेच्या वर ट्रेलरचा जितका भाग डोकावतो, तो सगळा थेट वाऱ्यात असतो. गाडीच्या आडोशाला राहणारा भाग स्वस्तात जातो. वर हिशोबात घेतलेलं १,५०० किलोचंच वजन सपाट, उघड्या ट्रेलरवर गाडीच्या उंचीच्या खाली बसवलं, तर १०० च्या वेगालाही काम ९ लिटरच्या आसपास होऊ शकतं. वजन तेच, फरक पाच लिटरचा. पुढून गोलाई असलेला किंवा निमुळता ट्रेलर सपाट तोंडाच्या पेटीपेक्षा बरा. ट्रेलरचं तोंड आणि गाडीची मागची काच यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं, मात्र पूर्ण वळण घेताना ट्रेलरचा कोपरा बंपरला लागता कामा नये. रिकाम्या जागेत सगळ्यात कमी वेगाने दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हे आधी बघून घ्या.

उघड्या ट्रेलरवरच्या दोन गोष्टी फुकट डिझेल खातात. पहिली म्हणजे मागे उभा करून ठेवलेला, पत्र्याचा भरीव फाळका किंवा रॅम्प. रिकामा ट्रेलर घेऊन परतताना तो पॅराशूटसारखं काम करतो. काढता येत असेल तर काढून आडवा बांधा, नाहीतर जाळीचा बसवा. दुसरी म्हणजे सैल ताडपत्री. तिचं फडफडणं म्हणजे सतत वाया जाणारी ऊर्जा. शिवाय तीन-चार तासांत कडा फाटतात. पुढची कड सामानाच्या खाली दुमडून घ्या आणि दर अर्ध्या मीटरवर दोरी किंवा रबरी पट्टा ओढून बांधा. गाडीच्या छतावरचं रिकामं कॅरिअरही उतरवून ठेवा. छतावर बसवायचे, वारा वळवणारे तिरपे पंख (डिफ्लेक्टर) विकत मिळतात. त्यांचा उपयोग गाडी आणि ट्रेलरच्या जोडीवर अवलंबून असतो. ट्रेलर जवळ आणि उंच असेल तर फायदा होतो, हवा उडून पुन्हा ट्रेलरच्याच तोंडावर पडत असेल तर शून्य. कोन बदलता येणारा घ्या. ट्रेलरच्या तोंडावर मेलेले किडे कुठे जमतात ते बघितलं, की हवा नेमकी कुठे आदळते ते कळतं. किड्यांचा पट्टा फक्त वरच्या कडेला सरकला असेल तर कोन बरोबर.

वजन कुठे महाग पडतं

चढावर आणि थांबण्यात. ३,७०० किलोची ही जोडी १०० मीटर उंच चढवायला एक युनिट ऊर्जा लागते, म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा. ६०० मीटर चढणाऱ्या घाटात नेहमीच्या खर्चाच्या वर दोन लिटर गेले असं समजा. उतरताना यातलं किती परत मिळतं, ते उताराच्या तीव्रतेवर ठरतं. साधारण ३ टक्के उतारावर ही जोडी पाय न लावता ८० चा वेग राखते. तिथे चढताना घातलेलं सगळं वसूल होतं. त्याहून तीव्र उतारावर जास्तीची ऊर्जा ब्रेक आणि इंजिनमध्ये उष्णता होऊन जाते.

आणि उतारावर न्यूट्रल करायचं नाही. डिझेल वाचवायला म्हणूनही नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, डिझेलचा खर्च शून्य असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. ट्रेलरसकट तापलेले ब्रेक घाटाच्या मध्यावर पकड सोडतात, तेव्हा काही करण्यासारखं उरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा त्याच्या एक खालच्या गिअरमध्ये उतरा.

थांबण्याचा हिशोब असा: ८० च्या वेगातून ब्रेक मारून पूर्ण थांबलात आणि पुन्हा ८० गाठलेत, की सुमारे ८० मिलिलिटर डिझेल गेलं. दहा वेळा असं झालं तर पाऊण लिटरहून जास्त. समोरचा सिग्नल लाल दिसला की ३००-४०० मीटर आधीच पाय काढा. ट्रेलरसकट गाडी बराच वेळ स्वतःच्या जोरावर सरकते, तो जोर ब्रेकमध्ये जाळू नका.

चढावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवलेला बरा. तो ठरवलेला वेग धरून ठेवण्याच्या हट्टाने दोन-दोन गिअर खाली टाकतो आणि इंजिन किंचाळायला लागतं. चढाच्या आधी थोडा वेग घ्या आणि माथ्यापर्यंत तो ८० वरून सत्तरपर्यंत उतरू द्या. मागे वाहनांची रांग लागली तर मात्र बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या.

गिअर आणि इंजिन

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो: आरपीएम कमी म्हणजे डिझेल कमी. एकट्या गाडीला हे बऱ्यापैकी लागू पडतं, ट्रेलरला नाही. सगळ्यात वरच्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी ओढत नेलीत तर इंजिन घुसमटतं, टर्बोला पुरेशी हवा मिळत नाही, धूर वाढतो आणि क्लचच्या फ्लायव्हीलवर धक्के बसतात. बहुतेक डिझेल एसयूव्हींचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, १,६०० ते २,६०० आरपीएमच्या पट्ट्यात भरभक्कम असतो. त्या पट्ट्यात राहील असा गिअर धरा. सहा गिअर असतील तर बऱ्याचदा पाचवा योग्य ठरतो.

ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक भानगड आहे. गिअरबॉक्स दर मिनिटाला पाचवा-सहावा-पाचवा करत असेल, तर प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक-अप, म्हणजे थेट पक्की जोडणी, सुटतं. लॉक सुटलं की इंजिनची ताकद तेलाला घुसळण्यात जाते, डिझेल वाया जातं आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीचं सेटिंग, असेल तर लावा, नसेल तर मॅन्युअलमध्ये टाकून गिअर बांधून ठेवा. तेलाचं तापमान दिसत असेल तर ८० ते ९५ अंश सेल्सिअस निश्चिंतीचं. १२० च्या वर ते टिकत असेल तर तेल लवकर खराब होतं. वेग कमी करा, गिअर खाली घ्या. नियमित ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल मॅन्युअलमधल्या 'कठीण वापर' या रकान्याप्रमाणे बदलायचं असतं, नेहमीच्या रकान्याप्रमाणे नाही.

पेट्रोल टर्बोचं दुखणं वेगळं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे आदर्श प्रमाण. लांब चढावर पूर्ण भार आला की अनेक इंजिनं टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून मुद्दाम जास्त पेट्रोल फवारतात, प्रमाण १२.५ च्या आसपास येतं. म्हणजे त्याच हवेत १७-१८ टक्के जास्त पेट्रोल, आणि ते थंडावा देण्यापुरतंच कामी येतं. यावर उपाय एकच, पाय पूर्ण दाबायची वेळ येऊ न देणं: वेग १० ने कमी, गिअर एक खाली. डिझेल इंजिनात हा प्रकार नसतो, म्हणून ट्रेलर जोडल्यावर त्याचं ॲव्हरेज पेट्रोलइतकं कोसळत नाही. विजेवरच्या एसयूव्हीलाही हवेचा हिशोब जसाच्या तसा लागू आहे. उंच ट्रेलर मागे असेल तर रेंज निम्मी धरा. उतारावर आणि थांबताना मात्र तिला ऊर्जा परत मिळते, ती डिझेल गाडीला मिळत नाही.

चाकं, ब्रेक, बेअरिंग

वर टायरांचा वाटा लहान दिसला, पण तो सगळं ठीक असेल तेव्हाचा आहे. घासणारा एक ब्रेक सगळा हिशोब उलटवून टाकतो.

हवेपासून सुरुवात करा. ट्रेलरच्या टायरला कारसारखे ३३ पीएसआय भरून चालत नाही. खास ट्रेलरचे टायर बहुधा ५० ते ६५ पीएसआयचे असतात. टायरच्या भिंतीवर कमाल भार आणि त्यासाठीची हवा लिहिलेली असते, ट्रेलरच्या चौकटीवरच्या पट्टीवर शिफारस असते. हवा टायर थंड असतानाच बघायची. गाडीच्या मागच्या टायरांना दरवाजाच्या स्टिकरवर 'पूर्ण भार' असा जो आकडा असतो तो भरा. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि शेवटी फुटते. डिझेलचा अपव्यय ही त्याची पहिली खूण. टायर पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर नक्षी शाबूत दिसली तरी बदलावा.

मग जॅक लावून एकेक चाक उचला आणि हाताने फिरवा. चाक मोकळं फिरायला हवं, ब्रेक लायनरचा अगदी हलका, सगळीकडे सारखा स्पर्श चालतो. एकाच जागी अडतंय म्हणजे ड्रम वाकडा आहे. घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेलं. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर नट सैल. ड्रमच्या ब्रेकचं सेटिंग असं: चाक जाम होईपर्यंत ॲडजस्टर आवळायचा आणि मोकळं फिरेपर्यंत उलटा सोडायचा. धक्क्याने लागणाऱ्या, म्हणजे ओव्हररन ब्रेकच्या ट्रेलरमध्ये नेहमीचं दुखणं म्हणजे गंजलेली केबल. हँडब्रेक सोडला असं वाटतं, पण केबल मागे आलेलीच नसते आणि लायनर ड्रमला चिकटून राहतात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरचा गेन, म्हणजे ब्रेक किती जोराने लागावा याचं सेटिंग, ताशी ३०-४० किमीला तपासा: हाताने पूर्ण ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होत असतील तर थोडा कमी करा. बेअरिंगमध्ये वर्षातून एकदा ग्रीस बदला. पाण्यात उतरणाऱ्या बोटीच्या ट्रेलरचं त्याहून आधी.

निघाल्यावर १५-२० किमीवर थांबून प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. सगळे हब सारखेच कोमट असायला हवेत. एखादा इतरांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर तिथे डिझेल जळतंय, आणि थोड्या वेळाने बेअरिंगही जळेल. तापमान मोजायची पिस्तुलासारखी यंत्रं मिळतात, ती यासाठी उत्तम. उतार उतरल्या-उतरल्या हे तपासू नका, तेव्हा सगळेच गरम असतात.

टायर एका कडेने झिजत असतील तर ॲक्सल तिरका आहे. कपलरच्या, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या जोडणीच्या, मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत टेपने मोजा. दोन्ही मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ट्रेलर तिरपा चालतो, टायर रस्त्यावर घासत जातात.

नाकावरचं वजन, म्हणजे कपलर गाडीच्या बॉलवर जितका भार टाकतो ते, ॲव्हरेजसाठी कधीही कमी करू नका. गाडीची मागची बाजू बसू नये म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवण्याची एक घातक सवय आहे. त्याने ट्रेलर झुलायला लागतो आणि एका वेगाच्या पुढे ते झुलणं थांबवता येत नाही. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, युरोपीय पद्धतीच्या ट्रेलरना ५ ते ७ टक्के भार नाकावर ठेवतात. हिच (गाडीच्या मागची जोडणी) आणि गाडीची कमाल मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती ओलांडायची नाही. घरच्या वजनकाट्यावर हे मोजता येतं. काट्याची क्षमता अपुरी असेल तर तीन फुटांची भक्कम फळी घ्या, एक टोक पाइपच्या तुकड्यावर, दुसऱ्या टोकाखाली काट्यावर पाइपचा दुसरा तुकडा. फळीचं काट्यावर दिसणारं वजन आधी लिहून घ्या. आता ट्रेलरचं नाक, काट्यावर नसलेल्या पाइपपासून एक फुटावर टेकवा. काट्याच्या आकड्यातून फळीचं वजन वजा करून तिनाने गुणा. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना उटी लावून आणि प्रवासात असेल त्याच उंचीवर असावा. जोडल्यावर तो जमिनीला समांतर किंवा नाक किंचित खाली असा दिसायला हवा. नाक वर असेल तर झुलतो आणि खालून वाराही घेतो. बॉलची उंची बदलणारा माउंट वापरून हे जमवा.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज दोन प्रवासांची तुलना करायला ठीक आहे, खऱ्या आकड्यासाठी टाकी फुल करूनच मोजा. पहिल्या क्लिकला थांबा, मिनिटभराने फेस बसला की पुन्हा हळू भरा आणि दुसऱ्या क्लिकला संपवा. दोन्ही वेळा पंप तोच आणि गाडी त्याच बाजूला उभी. भरण्यात लिटरभराची चूक सहज होते. २० लिटरवर ती ५ टक्के पडते, ४० लिटरवर अडीच. त्यामुळे निदान ३०० किमी चालवल्याशिवाय आकडा लिहू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्याने जाऊन-येऊन मोजा, म्हणजे वारा आणि चढ-उतार बरेचसे कटतात. गाडीला मूळ मापापेक्षा ३ टक्के मोठे टायर असतील तर किलोमीटर ३ टक्के कमी दिसतात.

सरासरी काढताना सगळेच एक चूक करतात. १०० किमीला १० चं आणि पुढच्या १०० किमीला ६ चं ॲव्हरेज मिळालं, तर सरासरी ८ नाही. १० लिटर अधिक १६.७ लिटर, म्हणजे २०० किमीला २६.७ लिटर, म्हणजे ७.५. म्हणून वहीत नेहमी 'दर १०० किमीला किती लिटर' हेच लिहा.

लांबचा टप्पा आखताना त्याच वहीतला सगळ्यात वाईट आकडा घ्या, सरासरी नाही. ६० लिटरची टाकी, समोरच्या वाऱ्यात दर १०० किमीला १५ लिटर, आणि टाकीचा पाचवा हिस्सा राखीव. उरले ४८ लिटर, म्हणजे ३२० किमी. ट्रेलरसकट आत शिरून बाहेर पडता येईल असा मोठा पंप ३०० किमीच्या आत कुठे आहे, ते निघण्यापूर्वी नकाशावर बघून ठेवा.